क्रिएटरचा 'प्लेझर टू किल' (१९८६) : एसेनच्या तीन पोरांचा कल्लोळ

रात्रपाळी | शनिवार, रात्री ११.२०

मंडळी, मेटालिका मोठं की मेगाडेथ यावर इथे पानंच्या पानं भरली आहेत. स्लेयरवर निदान चार धागे मला आठवतात. जर्मन थ्रॅशवर (थ्रॅश म्हणजे मेटलचा वेगवान, आक्रमक प्रकार) मात्र शोधूनही एक धड धागा मिळाला नाही, म्हणून आज बसून लिहितोय. आख्ख्या जर्मन थ्रॅशवर लिहायचं तर रात्र पुरणार नाही. त्यामुळे एकच अल्बम घेतो, गेली वीस वर्षं माझ्या कानात असलेला.

'प्लेझर टू किल' १ नोव्हेंबर १९८६ ला नॉइझ रेकॉर्ड्सनं काढला. बँड क्रिएटर, गाव जर्मनीच्या रूर भागातलं एसेन, त्यातही उत्तरेकडचा आल्टेनएसेन हा कामगारवस्तीचा भाग. वाजवणारे तिघे. गिटार आणि गाण्याला मिले पेत्रोत्सा, ड्रम्सवर युर्गन राइल ऊर्फ व्हेंटोर, बासवर रॉब फिओरेत्ती. मिलेचा जन्म डिसेंबर १९६७ चा. म्हणजे रेकॉर्ड बाजारात आली तेव्हा त्याला एकोणिसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. मी त्या वयात बारावीचे मार्क घेऊन कॉलेजांचे उंबरठे झिजवत होतो.

ही पोरं १९८२ पासून एकत्र वाजवत होती. नावं बदलत गेली. टॉरमेंटर या नावानं दोन डेमो निघाले आणि १९८५ च्या 'एंडलेस पेन' या पहिल्या अल्बमपर्यंत क्रिएटर हे नाव पक्कं झालं. पहिला अल्बम ऐकताना जाणवतं की हात अजून बसलेला नाही, पण आग आहे. जेमतेम वर्षभरानं तीच तीन माणसं बर्लिनला हॅरिस जॉन्सच्या म्युझिक लॅब स्टुडिओत गेली आणि 'प्लेझर टू किल' घेऊन बाहेर आली. हे वर्षभराचं अंतर मला अजून थक्क करतं.

ऐकताना काय होतं ते सांगतो. सुरुवातीला 'क्वायर ऑफ द डॅम्ड' हा छोटा, शब्दांविनाचा तुकडा. शांत, पण पोटात खड्डा पाडणारा. तो विरतो न विरतो तोच 'रिपिंग कॉर्प्स' अंगावर येतं. हळूहळू चढत जाणं वगैरे काही नाही. धरणाचा दरवाजा उघडावा तसं सगळं एकदम. पुढे 'डेथ इज युअर सेव्हियर', मग शीर्षकगीत. या तीन गाण्यांमध्ये श्वास घ्यायला जागाच ठेवलेली नाही. मिलेचा आवाज खर्जातला नाही, घशाच्या वरच्या भागातून फाटत येतो, शब्द चावून थुंकल्यासारखे. गिटारच्या जाड तारेवर पिक इतकं भरभर वरखाली होतं की सुटे सूर ऐकू येईनासे होतात, त्यांची एक सलग घरघर होते.

माझा मुद्दा हाच आहे. या अल्बमला 'थ्रॅशचा क्लासिक' म्हणून मान देतात आणि विषय मिटवतात. माझ्या मते याचं खरं घराणं पुढे डेथ मेटलमध्ये, म्हणजे थ्रॅशहूनही जड आणि कर्कश अशा प्रकारात, वाढलं. ती घरघर, तो फाटका आवाज, मरणाबद्दलचं ते वेड घेऊन पुढच्या चार-पाच वर्षांत किती बँड उभे राहिले! अमेरिकेत न्यू जर्सीच्या एका डेथ मेटल बँडनं तर आपलं नावच 'रिपिंग कॉर्प्स' ठेवलं. तिथे गिटार वाजवणारा एरिक रुटान पुढे मॉर्बिड एंजलमध्ये गेला, मग हेट एटर्नल काढला आणि आता कॅनिबल कॉर्प्समध्ये आहे. या एका धाग्याचं टोक धरून मागे गेलात तर आल्टेनएसेनला पोचता.

आता तुम्ही बोला. झोप येत नाहीये, प्रतिसाद वाचत बसणार आहे.

बेसूर_बाबू | शनिवार, रात्री ११.५२

वा! वाचनखूण साठवली. रूरच्या कोळसापट्ट्यातून क्रिएटर, सोडम, डिस्ट्रक्शन असे तिन्ही बँड निघाले, हे योगायोगानं झालेलं नाही. खाण आणि भट्टीचा आवाज ऐकत वाढलेली पोरं दुसरं काय वाजवणार?

गिटारवेडा_कोथरूड | रविवार, रात्री १२.१०

बाबू, छोटीशी दुरुस्ती. डिस्ट्रक्शन रूरचे नाहीत. ते वाइल आम राइनचे, पार दक्षिणेला, स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेला लागून. टँकार्ड फ्रँकफर्टचे. रूरचे दोनच : एसेनचे क्रिएटर आणि शेजारच्या गेल्सेनकिर्खेनचे सोडम. चौघांना मिळून 'ट्युटॉनिक फोर' म्हणतात म्हणून ते एकाच गल्लीतले वाटतात. भट्टीच्या आवाजाची गोष्ट ऐकायला छान आहे, पण तोच राग डिस्ट्रक्शनकडेही होता आणि त्यांच्या गावात खाण नव्हती. या पोरांच्या हातात व्हेनम या इंग्लिश बँडच्या रेकॉर्डी पडल्या आणि त्यांना वाटलं हे आपल्यालाही जमेल. मला ते कारण जास्त पटतं.

आता रात्रपाळी, तुमच्याशी भांडण. डेथ मेटलचं श्रेय देताना पझेस्ड या अमेरिकन बँडला कुठे ठेवलंत? त्यांचा 'सेव्हन चर्चेस' १९८५ मध्येच आला होता. आणि याच अल्बमच्या थोडं आधी, ऑक्टोबर १९८६ मध्ये, स्लेयरचा 'रेन इन ब्लड' आला. तो अवघा २९ मिनिटांचा, एक सेकंद फुकट नाही. त्याच्यापुढे 'प्लेझर टू किल' मला विस्कळीत वाटतो. ड्रम्स धावतात, गिटार मागून पळते. ऊर्जा आहे, मान्य. घडण नाही.

रात्रपाळी | रविवार, रात्री १२.३८

पझेस्डचं नाव राहिलं ही माझी चूक, दुरुस्ती मान्य. त्यांच्याशिवाय ही वंशावळ पुरी होत नाही.

पण घडण नाही? 'द पेस्टिलन्स' पुन्हा ऐका. सात मिनिटांच्या आसपासचं गाणं आहे. एकापाठोपाठ रिफ (गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे) बदलतात, लय मोडते, नव्यानं बांधली जाते. 'रायट ऑफ व्हायोलन्स' तर व्हेंटोर स्वतः गातो, ड्रम्स वाजवता वाजवता, आणि ते बाकीच्यांसारखं धावत नाही, पाय आपटत चालतं. ज्यांना फक्त वेगच येतो ते हे लिहू शकत नाहीत. 'रेन इन ब्लड'च्या मागे रिक रुबिनसारखा निर्माता होता आणि स्लेयरचा तो तिसरा अल्बम होता. ही पोरं स्टुडिओत दुसऱ्यांदाच गेली होती. विस्कळीतपणाबद्दल म्हणाल तर मला त्यातच जीव दिसतो. गाडी घाटात सुटली आहे, चालवणारा घाबरलेला नाही आणि आपण मागे बसलोय.

धाधिंधिंधा | रविवार, सकाळी ८.०५

मी मेटल ऐकत नाही. पंधरा वर्षं तबला शिकतोय. मुलाच्या खोलीतून हे कानावर येतं म्हणून धागा उघडला आणि सकाळी सकाळी हेडफोन लावून पूर्ण अल्बम ऐकला. जे ऐकू आलं ते प्रामाणिकपणे लिहितो.

पहिली गोष्ट, लय चढते. 'रिपिंग कॉर्प्स'मध्ये सुरुवातीची लय आणि शेवटाकडची लय मी हातावर मोजून पाहिली, माझ्या हाताला ती सारखी लागली नाही. आमच्याकडे साथीला बसलेल्याची लय अशी चढली तर गुरुजी पाय आपटून थांबवतात. पण इथे तिघेही एकत्र चढतात! कुणी कुणाला सोडून पुढे जात नाही. गिटारवेडा म्हणतात तसं मागून पळणं मला तरी ऐकू आलं नाही. एकाच घरात खूप वर्षं रियाझ केलेल्या माणसांचं असं होतं. चुकले तरी एकत्र चुकतात.

दुसरी गोष्ट, तो 'धुप-टक धुप-टक' ठेका. त्यात डग्ग्यासारखा घुमारा कमी आणि चाटीसारखा टणक आवाज जास्त आहे. याला तुम्ही लोक काय म्हणता?

गिटारवेडा_कोथरूड | रविवार, सकाळी ९.३०

काका, त्याला स्कँक बीट म्हणतात. किक (पायानं वाजणारा मोठा ड्रम) आणि स्नेअर (काडीनं वाजणारा टणक ड्रम) आळीपाळीनं, मध्ये जागा न सोडता. हार्डकोर पंकमधून थ्रॅशमध्ये आला. नॉइझचा मालक कार्ल-उलरिख वाल्टरबाख हाही मुळात पंकवालाच, आधी बर्लिनमध्ये पंक रेकॉर्डी काढायचा. हॅरिस जॉन्सनं तर पुढे सोडमचा 'पर्सिक्युशन मेनिया', व्हॉयव्हॉडचा 'किलिंग टेक्नॉलॉजी' अशा बऱ्याच रेकॉर्डी केल्या. हेलोवीनचा 'वॉल्स ऑफ जेरिको' त्याआधीच केला होता. त्या काळच्या जर्मन मेटलचा आवाज बऱ्याच अंशी या एका माणसाच्या कानातून गेलाय.

आणि 'एकत्र चुकतात' हे तुमचं वाक्य मला रात्रीच्या भांडणात हरवून गेलं. पुन्हा ऐकतो.

रूरकाठची_मी | रविवार, दुपारी १.४५

धागा बघून राहवलं नाही. मी सहा वर्षं ड्युसेलडॉर्फला राहते. एसेन इथून रेल्वेनं अर्ध्या तासावर.

खाणीच्या मुद्द्यावर लिहिते. गिटारवेडा यांची दुरुस्ती बरोबर आहे, तरी बाबू अगदीच चुकले नाहीत. आल्टेनएसेनमध्ये 'त्सेखे कार्ल' नावाची जुनी खाण आहे. त्सेखे म्हणजेच कोळशाची खाण. ती बंद पडल्यावर त्या इमारतीत सांस्कृतिक केंद्र झालं, आणि क्रिएटर सुरुवातीच्या काळात तालमी करायचे त्या तिथे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं होतं काही पाटीबिटी असेल, क्रिएटरचं नाव असेल. विटांची भक्कम जुनी इमारत, अंगणात बसलेली माणसं, संध्याकाळच्या कार्यक्रमाचं पोस्टर. आजही तिथे बँड वाजवतात. मला ते पाटीपेक्षा आवडलं.

तिथून थोड्याच अंतरावर त्सोलफेराइन. ती आता जागतिक वारसास्थळ आहे, २००१ पासून. तिचा तो लोखंडी मनोरा एसेनची ओळख झालाय, कपांवर, टीशर्टांवर छापलेला असतो. आता तारखा बघा. 'प्लेझर टू किल' आला १ नोव्हेंबर १९८६ ला. त्सोलफेराइनमधून कोळसा काढणं कायमचं थांबलं २३ डिसेंबर १९८६ ला. मध्ये साडेसात आठवडे. रूरमध्ये खाणी एकामागून एक बंद होत आल्या होत्या आणि एसेन शहरातली शेवटची चालू खाण हीच. एके काळी ज्या शहराच्या पोटात इतक्या खाणी होत्या तिथे ती पोरं अठरा-वीस वर्षांची होत होती, आणि आजूबाजूचा प्रत्येक बाप्या घरी काय बोलत असेल याची मला कल्पना करता येते.

मिलेचे वडील इटलीहून आलेले. इटलीतून, तुर्कस्तानातून कामगार बोलावले गेले त्या पिढीतली कितीतरी घरं या भागात आहेत. मी स्वतः कामासाठी परक्या भाषेत येऊन राहिलेली, त्यामुळे हा तपशील मला चिकटून बसलाय.

आणखी एक. १९८६ मध्ये एसेनहून बर्लिनला रेकॉर्डिंगला जायचं म्हणजे पूर्व जर्मनीतून जायचं. म्युझिक लॅब पश्चिम बर्लिनमध्ये होता आणि पश्चिम बर्लिन चहूबाजूंनी वेढलेलं. सीमेवर तपासणी, मग ठरलेल्या रस्त्यानं वाटेत कुठे न वळता जायचं, पुन्हा तपासणी. अल्बममध्ये भिंतीबद्दल अक्षर नाही. पण ही पोरं तो रस्ता कापून गेली होती. आणि मार्च १९९० मध्ये, भिंत पडून चारच महिने झाले असताना, याच क्रिएटरनं पूर्व बर्लिनमध्ये कार्यक्रम केला. त्याचं चित्रीकरण निघालं आहे, जरूर बघा. समोरच्या गर्दीचे चेहरे बघा.

वेकोलिपुत्र | रविवार, दुपारी ३.१०

ताई, फार सुंदर लिहिलंत.

मी चंद्रपूरकडचा. वडील तीस वर्षं भूमिगत खाणीत होते. सोडमचा टॉम एंजलरिपर स्वतः खाणीत काम करायचा, हे मला कळलं तेव्हा मी सोडम नव्यानं ऐकला. पाळी संपवून, अंगावरची काजळी धुऊन तालमीला जायचं! बाबा पाळीवरून आले की तासभर कुणाशी बोलायचे नाहीत, कानात आवाज बसलेला असायचा. इतका थकलेला माणूस संध्याकाळी पुन्हा मोठा आवाज का शोधत असेल हे मी बाबांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, खाली असताना आवाज मशीनचा असतो, वर आल्यावर आपला काढावासा वाटतो. ते भजनी मंडळात पखवाज वाजवायचे.

मृण्मयी_स | रविवार, सायंकाळी ६.२५

सगळे प्रतिसाद वाचले. एक प्रश्न मनापासून विचारते, कुणी रागावू नका. माझा मुलगा सोळाचा आहे आणि त्याच्या भिंतीवर या अल्बमचा तो राक्षसाचा पोस्टर आहे. नावाचा अर्थच 'मारण्यातलं सुख'. गाण्याचे शब्द शोधून वाचले, रक्त आणि प्रेतं यापलीकडे मला फार काही सापडलं नाही. संगीताबद्दल तुम्ही जे लिहिता ते समजतंय. शब्दांबद्दल कुणीच का बोलत नाही?

रात्रपाळी | रविवार, सायंकाळी ७.४०

ताई, अगदी योग्य प्रश्न, आणि तो मीच मूळ लेखात टाळला होता.

शब्द कच्चे आहेत. अठरा वर्षांच्या मुलानं, स्वतःची नसलेल्या इंग्रजीत, भुताखेताचे आणि रक्तपाताचे सिनेमे डोळ्यांसमोर ठेवून लिहावेत तसे. त्यात कुणा खऱ्या माणसाविरुद्ध, जातीविरुद्ध, धर्माविरुद्ध चिथावणी नाही. गावाबाहेरच्या वडावरच्या हडळीच्या गोष्टी आपण त्या वयात रंगवून सांगायचो, त्या जातीचं हे भय आहे. पोस्टर फिल लॉव्हेर या चित्रकाराचं, तेही त्याच जातीचं.

पण तोच मुलगा पुढे काय लिहू लागला तेही बघा. पुढच्याच वर्षी, १९८७ च्या 'टेरिबल सर्टन्टी'वर 'टॉक्सिक ट्रेस' आहे, विषारी प्रदूषणावर. १९९० च्या 'कोमा ऑफ सोल्स'वर 'पीपल ऑफ द लाय' आहे, थेट नवनाझींच्या विरोधात. जर्मनी एक होत होता, आणि परक्यांविरुद्धची भाषा पुन्हा ऐकू येऊ लागली होती त्या वेळी एका स्थलांतरिताच्या मुलानं ते लिहिलं. क्रिएटर आजही या बाबतीत ठाम आहेत. तुमच्या मुलाला 'कोमा ऑफ सोल्स' द्या. तो एका बँडबरोबर मोठा होईल.

मृण्मयी_स | रविवार, रात्री ९.०२

उत्तराबद्दल आभार. 'पीपल ऑफ द लाय' ऐकलं, शब्द हातात धरून. ते पटलं, आवडलंही. 'प्लेझर टू किल'चे शब्द मात्र मला अजून पटत नाहीत आणि ते पटवून घ्यायची गरजही वाटत नाही. पोस्टर राहू देते. मुलाशी बोलायला विषय मिळाला, हे त्याहून मोठं.

बेसूर_बाबू | रविवार, रात्री ९.३०

एक शंका. माझ्याकडे जी प्रत आहे तिच्यावर मायकेल वुल्फ नावाचा दुसरा गिटारवाला आहे. तुम्ही तिघेच म्हणता?

गिटारवेडा_कोथरूड | रविवार, रात्री ९.४८

नाव आहे, वाजवलेलं नाही. वुल्फ सोडमचा, त्यांच्या १९८६ च्या 'ऑब्सेस्ड बाय क्रुएल्टी'वर तो आहे. क्रिएटरमध्ये जेमतेम काही दिवस होता. अल्बमवरची गिटार सगळी मिलेची. कायमचा दुसरा गिटारिस्ट म्हणून नंतर योर्ग त्रित्से आला. वुल्फ पुढे १९९३ मध्ये मोटारसायकल अपघातात गेला.

प्रभावाच्या मुद्द्यावर ब्राझील कसं कुणी काढलं नाही? सेपल्टुरा! बेलो होरिझोंतेच्या त्या पोरांवर या जर्मन बँडांची किती छाप होती ते मॅक्स काव्हालेरा कायम सांगत आलाय. 'स्किझोफ्रेनिया' (१९८७) आणि 'प्लेझर टू किल' लागोपाठ लावा, भावंडं वाटतात. १९८९ मध्ये सेपल्टुरा पहिल्यांदा युरोपात वाजवायला गेले तेही सोडमबरोबर. ज्यांना अमेरिकन थ्रॅशची गावं, लॉस एंजेलिस किंवा सॅन फ्रान्सिस्को, दिसणारही नव्हती अशा जगभरच्या पोरांना एसेन जवळचं वाटलं असणार. इंग्रजी तोडकीमोडकी, सामान साधं, तरी रेकॉर्ड निघाली आणि जगभर गेली.

(रात्रपाळी, 'द पेस्टिलन्स' तीनदा ऐकलं. 'घडण नाही' हे शब्द मागे घेतो. 'रेन इन ब्लड' तरीही वर.)

बंगळूरवारी | सोमवार, सकाळी १०.१५

आणि आपण? जून २०१२, पहिलं बंगलोर ओपन एअर, मुख्य बँड क्रिएटर. 'फँटम अँटिख्राइस्ट' नुकताच आला होता. आम्ही पुण्याहून सहा जण रात्रीच्या बसनं गेलो. बसमध्ये एकाच मोबाइलवर इअरफोनच्या दोन बोंड्या सहा कानांत फिरत होत्या.

मिले समोर उभा राहिला तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता आणि आवाज रेकॉर्डवरच्या अठरा वर्षांच्या पोराचाच होता. शीर्षकगीत सुरू झालं आणि माझ्या शेजारचा अनोळखी माणूस, पन्नाशीचा, केस पांढरे, डोळे मिटून एकेक शब्द म्हणत होता. नंतर चहा घेताना म्हणाला, मंगळूरचा आहे, कुणाच्या तरी दुबईहून आलेल्या कॅसेटची नक्कल करून घेतली होती, पंचवीस वर्षं वाट बघितली. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. दादा, हे वाचत असाल तर हात वर करा.

धाधिंधिंधा | सोमवार, रात्री १०.५०

काल मुलगा जेवताना म्हणाला, बाबा तुम्ही माझा अल्बम ऐकलात म्हणे. मग दोघं बसलो. त्यानं 'रायट ऑफ व्हायोलन्स' लावलं आणि मी मांडीवर ठेका धरला. सुरुवातीची लय सरळ चारात बसते, पण ती जिथे बदलते तिथे मी दोनदा चुकलो. तो म्हणाला, आकडे मोजू नका, गिटारच्या मागे जा.

तिसऱ्यांदा बरोबर आलो. आता तो 'द पेस्टिलन्स' लावतोय. नंतर लिहितो.